पदार्थाचे कूळ

सांगलीत हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी हमखास विचारते, “बाई, तुम्ही रसायनशास्त्र शिकवायचात. हे कुंकू नैसर्गिकच आहे ना?” त्या प्रश्नामागे एक श्रद्धा असते: निसर्गातून आले ते निर्धोक, कारखान्यातून आले ते घातक. मी देवधर्म मानणारी बाई आहे, म्हणूनच ही श्रद्धा तपासून घ्यावीशी वाटते.

हळदीवर लिंबू आणि टाकणखाराचा संस्कार करून केलेले कुंकू बहुतेकींना सोसते. पण खुद्द हळदीनेही काही जणींना खाज उठते. हिंगूळ खाणीतून निघतो, म्हणजे अस्सल नैसर्गिक. पण तो पारा आणि गंधकाचा संयोग. सुरम्यासाठी कुटतात तो गॅलेनाचा खडा शिशाचा. बिबा झाडावर पिकतो आणि अंगावर उततो. बावचीचे तेल कोडावर लावतात, पण ते लावून उन्हात गेले तर कातडी भाजते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. काळ्या मेंदीत मिसळलेल्या पीपीडी या कृत्रिम रसायनाने हातावर फोड येऊ शकतात. टिकलीच्या चिकट थरातल्या एका कृत्रिम फिनॉलने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. मात्र टाचांच्या भेगांवरच्या मलमातला युरिया घ्या. व्होलर या रसायनशास्त्रज्ञाने १८२८ साली तो प्रयोगशाळेत घडवला, आणि आपल्या शरीरातल्या युरियाहून तो तसूभरही वेगळा नव्हता. रेणूला आपला जन्म आठवत नाही.

सांख्यांनी प्रकृतीला अचेतन म्हटले. सत्त्व, रज, तम तिन्ही तिच्यात पाहिले. तिच्याकडून मायेची हमी कशी मागायची? चरकसंहिता सांगते की युक्तीने वापरलेले विष औषध होते आणि भलतेच वापरलेले औषध विष होते. म्हणजे विचारायचे ते असे: पदार्थ कोणता, किती, कुठे, किती दिवस आणि कुणाच्या त्वचेवर? माणसाला जन्मावरून जोखू नका, असे संतांनी जिथे सांगितले, तिथे पदार्थाला तरी कुळावरून पावन का ठरवावे?

म्हणून मी बायकांना सांगते, डबीवर घटक छापलेले नसतील तर ती ‘हर्बल’ असली तरी घेऊ नका. नवे काही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस थांबा. लेकरांच्या डोळ्यांत सुरमा घालू नका. सृष्टी देवाची मानायची, तर प्रयोगशाळेत उलगडणारे तिचे नियमही त्याचेच. त्याने दिलेली बुद्धी बाजूला ठेवून एका शिक्क्यापुढे हात जोडणे, याला मी भक्ती म्हणणार नाही.