एका शेऱ्याची दुरुस्ती

फौजेतून घरी परतणाऱ्या जवानाच्या हाती एक छोटं पुस्तक देतात. भरती कधी झाला, कुठल्या पलटणीत होता, पदकं कोणती, हे सगळं त्यात असतं. नोकरी का सुटली आणि वर्तणूक कशी होती, हेही असतं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत फाटकावर बसणाऱ्या काकांनी ते मला एकदा दाखवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, पिशवी पत्र्याच्या डब्यात. घडीवर कागद विरला होता, मागून चिकटपट्टी लावलेली होती. बर्फातल्या पोस्टिंगबद्दल ते भरभरून बोलले, पण शेवटच्या पानावर अंगठा दाबून धरला होता. अंगठ्याखाली काय लिहिलंय, हे मी विचारलं नाही.

तेव्हापासून तो अंगठा माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तिथे जे काही लिहिलेलं असतं, त्यावर माणसाचं पुढचं सगळं आयुष्य अवलंबून असतं. जवानाची पंधरा वर्षं भरली तर निवृत्तिवेतन मिळतं. चौदाव्या वर्षी 'सेवेची गरज उरली नाही' म्हणून घरी पाठवलं तर ते मिळत नाही. माजी सैनिकाच्या सवलतींचा प्रश्न वेगळाच. शिक्षेला मुदत असते, शेऱ्याला नसते. म्हणून तो दुरुस्त करून मागण्याचा हक्क ही मेहेरबानी नव्हे, न्यायाचाच भाग आहे, असं मी मानतो.

यावर ठरलेला आक्षेप शिस्तीचा. तो हलका नाही. हुकूम न मानणाऱ्यांची फौज उभी राहू शकत नाही. पण हा प्रश्न आपल्या दारात एकदा फार मोठ्या रूपात येऊन गेला आहे, आणि त्याचं उत्तर आपण अर्धवट सोडलं आहे.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नौदल तळावर खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या ही निमित्तं. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका ही मागण्यांतली एक. ठाण्यात नौदलाचा 'अकबर' नावाचा तळ होता. तिथले खलाशीही उठले. पाहता पाहता ७८ जहाजं, २० किनारी तळ आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात आले. मुंबईचे कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरले, दोनशेहून अधिक माणसं मेली. परळच्या गोळीबारात कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या. सरदार पटेलांनी शरण जायला सांगितलं, सूडाची कारवाई होऊ नये म्हणून काँग्रेस शक्य ते सगळं करील असा शब्द दिला. २३ तारखेला खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली. मग धरपकड झाली, अनेकांना मुलुंडच्या छावणीत डांबलं. ४७६ जणांची नोकरी गेली.

पुढे दीड वर्षाच्या आत देश स्वतंत्र झाला. ज्या सत्तेविरुद्ध ही मुलं उठली होती ती निघून गेली, तिने लिहिलेला शेरा मात्र राहिला. भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं नाही, पाकिस्तानच्याही नाही. 'तलवार'च्या भिंतींवर घोषणा रंगवणारे बी. सी. दत्त बडतर्फ झाले आणि पत्रकारितेकडे वळले. पुढे स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत या उठावाची गणना झाली. नौदलाने दत्त आणि संपाचे एक नेते मदनसिंग यांची नावं आपल्या दोन टग बोटींना दिली, २००१ मध्ये कुलाब्यात स्मारक उभं राहिलं. हे सगळं योग्यच झालं. पण सन्मान योजनेचं निवृत्तिवेतन गृहखात्याचं, स्वातंत्र्यसैनिक म्हणून दिलेलं. खलाशी म्हणून त्यांनी केलेल्या नोकरीचा, महायुद्धात काढलेल्या वर्षांचा हिशेब त्याने पुरा होत नाही. ज्याचं नाव बोटीवर रंगवता येतं, त्याचं नाव नोंदवहीत दुरुस्त करायला अडचण काय? ब्रिटनने पहिल्या महायुद्धात आपल्याच हातांनी गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना २००६ मध्ये कायदा करून माफी दिली. त्यांच्या फौजेची शिस्त त्याने ढासळली नाही.

अमेरिकेत १९४४ पासून शेरा बदलून मागणाऱ्या अर्जांसाठी स्वतंत्र मंडळं आहेत. सेवामुक्तीचा दर्जा सुधारून मागण्यासाठी तिथे पंधरा वर्षांची मुदत मिळते. आपल्याकडे तसं मंडळ नाही. आधी लष्कराकडे तक्रार, मग २००७ च्या कायद्याने आलेलं सशस्त्र सेना न्यायाधिकरण. मुदत सहा महिन्यांची. लाल शाईचे, म्हणजे शिक्षेचे, चार शेरे झाले की माणूस घरी, अशी समजूत पलटणींत वर्षानुवर्षं पक्की होती. २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली. चार शेरे झाले म्हणून आपोआप काढता येत नाही. आधी चौकशी हवी, किती वर्षं नोकरी झाली, किती खडतर ठिकाणी झाली, निवृत्तिवेतनाला किती उरलं, हे पाहायला हवं. लष्कराच्या मुख्यालयाचं १९८८ चं पत्रही हेच सांगत होतं. दुबे यांची सेवा निवृत्तिवेतनापुरती पूर्ण धरली गेली. त्यांना काढलं होतं १९९२ मध्ये. शेरा पुसायला तेवीस वर्षं गेली.

मला ही तेवीस वर्षं खुपतात. फाटकावर बारा तास उभा राहणारा माणूस वकील कुठून आणणार? सहा महिन्यांत तर तो घर लावतो, पोरांच्या शाळा बघतो. अर्जासाठी निदान काही वर्षांची मुदत आणि जवळपास ऐकून घेणारं मंडळ, एवढं तरी हवंच. आणि त्या ४७६ जणांसाठी संरक्षण खात्याने एक आदेश काढावा, 'सन्मानाने सेवामुक्त' असा कागद त्यांच्या वारसांना द्यावा. यात खर्चही फारसा नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कुणाच्या घरी असं पुस्तक डब्यात पडून असेल, तर ते घेऊन ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतच आहे. मुदत टळून गेली असली, तरी उशिराचं कारण लिहून अर्ज करता येतो.