कुल्फीवाल्याची घंटी

जिंतूरचा उन्हाळा आठवला की मला आधी घंटी ऐकू येते. दुपारी गल्ली चिडीचूप, दारं लोटलेली, आणि लांबून ती घंटी. आम्ही अनवाणीच पळत सुटायचो.

कुल्फीवाल्याच्या गाड्यावर ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेला माठ असे. आत बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्याही खाली गार होतो, हे शाळेत फार नंतर कळलं. कुल्फीवाला पत्र्याचा साचा बाहेर काढायचा, दोन्ही तळव्यांमध्ये धरून झरझर फिरवायचा, टोपण उघडून कुल्फी अलगद पानावर उतरवायचा आणि सुरीनं तिचे चार तुकडे करायचा. ते तळवे गारठून लाल झालेले असत. आम्ही मात्र कुल्फीकडेच बघत राहायचो.

हिवाळ्यात दुसरे फेरीवाले हरभऱ्याचे डहाळे, बोरं घेऊन यायचे. पैसे नसले तर वाटीभर ज्वारीही चालायची. आणि कुणाचं पोर आजारी आहे, कुणाची लेक माहेरी आली आहे, हे या फेरीवाल्यांना माहीत असायचं. दुकानाला हे कसं जमावं?

2014 च्या पथविक्रेता कायद्यानं अशा फिरत्या विक्रेत्यांनाही संरक्षण दिलं आहे. पण त्यांचं पोट भरतं ते आपण दार उघडल्यावर. आज दुपारी घंटी वाजली, तर मुलांचा हात धरून बाहेर या. आणि उन्हातून आलेल्या त्या माणसाला आधी तांब्याभर पाणी विचारा.