रजिस्टरबाहेरची मंडळी

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात जाऊन पाळकांना विचारावे, तुमच्या मंडळीत माणसे किती? बहुधा दोन उत्तरे मिळतात. पहिले रजिस्टरमधले. ज्यांचा बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, जे वर्षाची वर्गणी भरतात आणि ज्यांना वार्षिक सभेत मत असते, त्यांची संख्या. दुसरे उत्तर जरा थांबून येते, कारण ती माणसे कुठेच लिहिलेली नसतात. दाराजवळच्या चटईवर बसणाऱ्या म्हाताऱ्या, लेकराच्या दुखण्यात एकदा प्रार्थनेला आल्या आणि मग येतच राहिल्या अशा सुना, कागदावर हिंदू किंवा बौद्ध असलेली पण नाताळच्या आदल्या दिवशी चर्चच्या रंगरंगोटीला सर्वांत आधी हजर होणारी तरुण मुले. लहान मंडळीने समाजासाठी काय करावे यावर आमच्याकडे पुष्कळ बोलले जाते, परिषदांत ठराव होतात. त्या बोलण्यात ही माणसे क्वचितच येतात. माझे म्हणणे असे की लहान मंडळीची सेवा सुरू व्हायची तर ती इथूनच होईल. मंडळीच्या कडेला उभ्या असलेल्या या माणसांशी आपण कसे वागतो, यावरून बाकीच्या गावाशी आपण कसे वागणार हे ठरते.

सेवेचा विषय निघाला की आमच्या बहुतेक मंडळ्या पैशांपाशी अडतात, आणि त्याला इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत सुरू झाले आणि 1831 मध्ये नगरला आले. पुढच्या शंभर वर्षांत शाळा, वसतिगृहे, दवाखाने, दुष्काळातली कामे या सगळ्यातून गावकुसाबाहेरच्या माणसांना प्रथमच अक्षर आणि औषध मिळाले. त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. माझ्यासारखे कित्येकजण त्या शाळांमुळेच लिहितेवाचते झाले. पण या सगळ्यात सेवा करणारे होते मिशन, आणि मंडळी होती सेवा घेणारी. 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. परदेशी मिशनरी आणि त्यांचा पैसा हळूहळू मागे सरला, इमारती आणि जमिनी राहिल्या, त्यांच्यासोबत विश्वस्तांची भांडणे आणि कोर्टाच्या तारखाही राहिल्या. आणि एक समजूत राहिली, की सेवा म्हणजे संस्था. ज्या मंडळीकडे दवाखाना नाही, वसतिगृह नाही, ती मंडळी मग डिसेंबरात पन्नास ब्लँकेटे वाटते आणि वर्षभराचे काम झाले असे समजते. ब्लँकेट वाईट नाही. थंडीत ते लागतेच. पण ज्याला ते दिले त्याचे नाव मंडळीतल्या किती जणांना ठाऊक असते?

याच जिल्ह्यात या समजुतीला फार मोठे उत्तर दिले गेले आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आले. दोघांचीही ख्रिस्तावर गाढ श्रद्धा होती, शिक्षणही उत्तम होते. मोठे रुग्णालय काढून बसणे त्यांना अवघड नव्हते. पण त्यांनी खेड्याखेड्यांतल्या बायका हाताशी घेतल्या. त्यांतल्या पुष्कळजणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावी परत जाऊन बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, पाण्याची स्वच्छता ही कामे स्वतः पाहत. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिलाच रात्री-अपरात्री बाळंतिणीजवळ बोलावणे येऊ लागले. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून माणसे हे काम पाहायला येऊ लागली. जामखेडचे काम ही काही मंडळीची संस्था नव्हे, आणि प्रत्येक चर्चने जामखेड उभे करावे असेही मी म्हणत नाही. मला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे. सेवा घेणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जात होते, त्याच्याच हाती तिथे सेवा सोपवली गेली.

आता मंडळीच्या कडेच्या माणसांकडे येतो. ती कडेला का आहेत? आळस किंवा अपुरी श्रद्धा हे उत्तर मी पाळकांच्या बैठकांत ऐकले आहे आणि ते मला पटत नाही. अनुसूचित जातींविषयीचा 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश प्रथम हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. नगर-बीडकडच्या वस्त्यांत एकाच आडनावाची, एकाच भावकीची घरे भिंतीला भिंत लावून असतात. एक घर 1956 नंतर बौद्ध झाले, एक त्याआधीच ख्रिस्ती झाले होते. दोघांच्या वाट्याला आलेली अस्पृश्यता एकच होती, तिचे वळ एकाच पिढीच्या पाठीवर उठले, पण दाखला एकालाच मिळतो. अशा वेळी एखादी आई मुलाच्या शिष्यवृत्तीकडे पाहून बाप्तिस्मा लांबणीवर टाकते, तर तिला अर्धवट विश्वासणारी म्हणण्याचा अधिकार मला नाही. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले, की ख्रिस्ती श्रद्धा पाळायची आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगायचे, हे राज्यघटनेशी कपट आहे. कायद्याचा अर्थ न्यायालयाने लावला. मंडळीपुढे मात्र दुसरा प्रश्न उरतो. जी बाई कायद्याच्या आणि पोटाच्या कात्रीत सापडली आहे, तिच्याशी आम्ही रविवारी कसे वागणार?

आमच्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. मधल्या काळातला काही भाग दोघे एकत्र राहिली आणि लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे, आपला वेगळा स्वयंपाक सांभाळला. त्यांची जातीची भिंत पडली ती बाप्तिस्म्याच्या पाण्याने नव्हे; ती त्याआधीच, त्यांच्या स्वतःच्या विचाराने आणि सहवासाने पडली होती. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे ठाऊकच असते. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. ख्रिस्ताला गुरू मानणारे, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सगळे त्या दरबारात एकत्र यावेत ही त्यांची कल्पना. दोन वर्षांतच टिळक गेले आणि दरबार विरला. आम्ही त्यांची भजने ठेवली, जवळजवळ प्रत्येक उपासनेत ती म्हणतो, आणि त्यांचा हा विचार मात्र चरित्रातल्या एका प्रकरणापुरता ठेवला. याची मला खंत वाटते.

मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. गाव आणि माणसे यांची नावे सांगत नाही. एक म्हातारी कित्येक वर्षे उपासनेला येत होती. पिण्याच्या पाण्याची घागर भरून ठेवणे हे काम तिने आपणहून घेतले होते. तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मुले नको म्हणत होती. ती वारली तेव्हा संध्याकाळी कमिटी बसली. मिशनच्या दफनभूमीत तिला जागा द्यायची की नाही? कमिटीतले एक वडील म्हणाले, रजिस्टरमध्ये नाव नाही, उद्या दुसरा कोणी येईल, जागा किती उरली आहे ते तुम्हीच पाहा. त्यांचे बोलणे कठोर होते, पण खोटे नव्हते. चर्चेत बराच वेळ गेला आणि तोवर तिच्या मुलांनी आपल्या भावकीच्या जागेत खड्डा खणायला सुरुवातही केली होती. मग मंडळीतली चार पोरे कमिटीला न विचारता कुदळी घेऊन तिकडे गेली. मागोमाग बायका गेल्या. भावकीतल्या बौद्ध घरांनी आपली वंदना म्हटली, मंडळीतल्या बायकांनी भजन म्हटले, आणि कोणी कोणाला अडवले नाही. कमिटीने त्या रात्री काहीच ठरवले नाही. दुसऱ्या दिवशी पाळक त्या घरी गेले तेव्हा मुलांनी त्यांना चहा दिला आणि चर्चमधली आईची चटई काढू नका, आम्ही येऊन बसू, असे म्हणाले.

त्या वडिलांचा आक्षेप मी झटकून टाकू इच्छित नाही. रजिस्टर नको असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. मालमत्ता आहे, निवडणुका आहेत, पैशांचा हिशेब आहे. मत कोणाला आणि सही कोणाची, हे लिहिलेले नसेल तर दांडगे लोक मंडळी गिळतात; तसे झालेले सर्वांनी पाहिले आहे. प्रभुभोजनाला काही तयारी लागते, हेही मला मान्य आहे. पण आजाऱ्याची विचारपूस, मयताला खांदा, बाळंतिणीला डबा, दहावीच्या मुलीला दिव्याखाली बसायला जागा यांपैकी एकाही गोष्टीला रजिस्टर लागत नाही. सत्ता आणि हिशेब वहीप्रमाणे चालावेत. माया त्या वहीत कोंडू नये. या दोहोंची सरमिसळ झाली की मंडळी क्लबासारखी होते.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो आणि आजच्या वातावरणात तो अधिक धारदार आहे. तुमची मदत म्हणजे धर्मांतराचे आमिष, असे म्हटले जाते. खेड्यांत प्रार्थनासभांवर लोक चालून जातात, पाळकांवर तक्रारी होतात. घटनेच्या 25 व्या कलमाने धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे आणि आपल्या श्रद्धेची साक्ष देण्यात चोरी कसली, हे मी ठामपणे म्हणेन. त्याचबरोबर आमच्या माणसांनाही एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगेन. धान्याची पिशवी हातात असताना साक्ष देऊ नये. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काय किंमत? आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, मनापासून करावी, पण त्याच बैठकीत त्याच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना हे विचारावे. चमत्काराच्या नादाने औषध सोडायला लावणाऱ्या उपदेशकांनी ख्रिस्ताच्या नावाचे जितके नुकसान केले, तितके विरोधकांनीही केले नाही.

आणि गावाकडून घ्यायलाही मंडळीने शिकले पाहिजे. कापणीच्या सणाला हे फार सुंदर घडते. वेदीपुढे बाजरीची कणसे, डांगर, भुईमुगाच्या शेंगा, अंड्यांची पाटी, पाय बांधलेली कोंबडी. ज्याला शेत नाही तो एका दिवसाची मजुरी पाकिटात घालून ठेवतो. उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. एक डांगर कोणी दोनशेला घेतो आणि पुन्हा लिलावाला ठेवतो, दुसरा तीनशेला घेतो. मी पाहिलेल्या सणांत शेजारच्या मराठा आणि धनगर शेतकऱ्यांनीही बोली लावलेली आहे. एका वारकरी आजोबांनी आपल्या मळ्यातले पहिले पेरू आणून ठेवले होते. ज्या दिवशी शेजारी असे आपले काही आणून ठेवतो, त्या दिवशी तो लाभार्थी राहत नाही. संध्याकाळच्या प्रीतिभोजनात त्याच्यासाठी शाकाहारी भांडे वेगळे ठेवले जाते, कोणाला सांगावे लागत नाही. गावाकडून असे घेणे आम्हाला नवे नाही: एकोणिसाव्या शतकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, तेव्हा गावाला ओळखीच्या चालीत आपले म्हणणे ऐकवले. ते ऐकायला चावडीवर माणसे बसत. आज किती मंडळ्या आपले भजन चर्चच्या भिंतीबाहेर, बिगर-ख्रिस्ती भजनी मंडळाच्या शेजारी बसून म्हणतात?

हे सगळे करणार कोण, हा प्रश्न शेवटी येतोच. एकेका पाळकाकडे चार-पाच गावे असतात. रविवारी सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या, मोटारसायकलवर. पगार तुटपुंजा, तोही महिनोन्‌महिने थकलेला. त्याच्याकडून घरभेटींची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. खरे पाहता घरभेटी होतातच, त्या करतात बायका. मिशनच्या काळातही घरोघर जाऊन बायबल शिकवणाऱ्या स्त्रिया होत्या आणि मंडळ्या वाढल्या त्या बऱ्याच अंशी त्यांच्या पायपिटीने. आज महिला मंडळातल्या तीन-चारजणी दर आठवड्याला आजाऱ्यांकडे, विधवांकडे, नव्याने येऊ लागलेल्या घरी जातात. कोणाच्या घरात दारू आहे, कोणाची मुलगी शाळेतून काढली, कोण ऊसतोडीला गेले आणि मागे म्हातारी एकटी आहे, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, पण खेड्यातल्या कमिटीत त्यांचे बोलणे अजून चहापुरते ऐकले जाते. पुढच्या वार्षिक सभेत कमिटीच्या निम्म्या जागा त्यांना द्याव्यात आणि अंदाजपत्रकात घरभेटींसाठी वेगळी रक्कम धरावी, निदान एसटीच्या भाड्यापुरती. मला माहीत असलेल्या मंडळ्यांत ते भाडे त्या अजून आपल्या खुरपणीच्या मजुरीतून भरतात.