पाप सांगणे आणि दार उघडणे



देव एकच, आणि येशू थोर गुरू पण देव नव्हे, असे युनिटेरियन पंथाचे लोक मानतात. मुंबईत १८६७ साली निघालेला प्रार्थना समाज याच विचाराच्या जवळचा. त्यातील महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियनांच्या ऑक्सफर्डमधील कॉलेजात शिकले. पवित्र त्रैक्याच्या बाबतीत त्यांचे म्हणणे आपण मान्य करू शकत नाही.

पण सांगोल्याहून पंढरपूर कितीसे लांब? तिथे १८७५ साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. (पुण्यात फुले दांपत्याने ते त्याआधीच, १८६३ साली, केले होते.) पुनर्विवाहाला बंदी असलेल्या घरातील विधवा गरोदर राहिली की नदी नाहीतर विहीर, एवढेच तिला दिसे. बालहत्या पाप आहे हे सर्वांनाच ठाऊक होते. तिला जायला जागा नव्हती.

आपणही गर्भपात हे पाप आहे असे सांगतो, आणि ते बरोबरच आहे. मात्र आपल्या धर्मग्रामातील एखादी मुलगी अडचणीत सापडली तर ती आपल्याकडे येईल, की सर्वात जास्त आपल्यालाच भिईल? मिस्सानंतर फाटकापाशी चालणारी कुजबुज तिच्याही कानी पडते. आपली श्रद्धा खरी आहे, एवढ्याने तिची भीती जात नाही.

आईवडिलांनो, या आठवड्यात जेवायला बसल्यावर मुलींना एकदा स्पष्ट सांगूया: काहीही झाले तरी आधी घरी ये. मुलांनाही सांगूया; जबाबदारी त्यांचीही असते.