ताणल्यावर परत येणं

एक बोट गालावर टेकवा, डोळ्याच्या खोबणीच्या किंचित खाली. आता हसा. सावकाश. बोटाखालची कातडी वर सरकते, डोळ्याच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडतात. हसू ओसरलं की सगळं जागच्या जागी. या परत येण्यावर लक्ष राहू द्या.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गामुळे महाराष्ट्रात कितीतरी जणांचा डोळा काढावा लागला. अशा खोबणीवर पापण्यांसकट सिलिकॉनचा कृत्रिम भाग बसवता येतो. त्याची कड अगदी पातळ ठेवतात, म्हणजे जोड दिसत नाही. दिवसभर ती गालाबरोबर ताणली जाते आणि रात्री चिकटवलेला भाग सोडवताना पहिली ओढ तिलाच बसते.

आता प्रयोगशाळेत या. टेबलावर त्याच सिलिकॉनची डंबेलच्या आकाराची पट्टी आहे. तिच्यावर शाईच्या दोन रेघा, मधलं अंतर २५ मिलिमीटर. यंत्राचे चिमटे टोकं धरतात, रेघा दूर जातात. ५० मिलिमीटर. इथे थांबा, पट्टी ताणलेलीच राहू द्या.

आत काय चाललंय? सिलिकॉन-ऑक्सिजनच्या लांबलचक साखळ्या एरवी गुंतवळासारख्या पडलेल्या असतात. ताणलं की सरळ होतात, पण सरळ राहणं त्यांना मानवत नाही. साखळ्यांमधले रासायनिक बंध त्यांना घसरू देत नाहीत. बंध कमी पडले, तर साखळ्या सरकतात आणि सरकलेल्या जागीच राहतात. प्लॅटिनमच्या साहाय्याने जमणाऱ्या सिलिकॉनला लॅटेक्सच्या हातमोज्यातलं गंधकही बाधतं. मिश्रण नीट जमतच नाही, बंध अपुरे राहतात.

सोडा. लगेच मोजू नका. बरंचसं अंतर पट्टी क्षणात कापते, उरलेलं रेंगाळत. ते रेंगाळणं बघत बसा.

समजा, शेवटी २५.५ भरले. मूळ लांबीच्या दोन टक्के परत आलेच नाहीत. आकडा किरकोळ दिसतो, पण कड एवढी सैल पडली तर कातडीवर सपाट बसत नाही, आणि त्या फटीत घाम शिरतो. सिलिकॉनच्या माहितीपत्रकात मात्र पट्टी किती ताणल्यावर तुटते तेच ठळक छापतात. मला तो आकडा दुय्यम वाटतो. हसताना गाल चौपट कोण ताणतं?

नवी पट्टी चांगली परत आली, यात फारसं नवल नाही. असा कृत्रिम भाग साधारण वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो. तोवर ऊन, घाम, कातडीचं तेल, रोजचं धुणं. म्हणून दुसरी पट्टी कृत्रिम घामात आणि अतिनील प्रकाशात ठेवून घ्या. मग तीही चिमट्यांत धरा, तितकीच ताणा.