खंडित ध्वनी आणि अखंड अर्थ

जुन्नरच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेने सर्व संस्कार, म्हणजे कारणांनी घडलेल्या वस्तू, अनित्य मानले, तर मीमांसकांनी शब्दास नित्यत्व बहाल केले. तो प्राचीन वाद आज आंबेगावच्या डोंगरी वाडीतून मुंबईस नोकरीनिमित्त गेलेल्या मुलाशी बोलणाऱ्या आईच्या मोबाइलमध्ये नव्याने उभा राहतो. रूढ पद्धतीत तिच्या स्वराचे सेकंदास ८००० नमुने घेऊन, बहुधा २० मिलिसेकंदांची एकेक तुकडी अनुक्रमांक व कालनोंद देऊन रवाना केली जाते. एखादी उशिरा पोहोचते, एखादी वाटेत गहाळ होते, आणि पलीकडील यंत्र आलेल्या तुकड्या क्षणभर थोपवून क्रम लावते व रिक्त जागा शेजारच्या ध्वनीवरून अनुमानाने भरते.

मग मुलाने ऐकले ते काय? नैयायिक म्हणेल, मूळ ध्वनी उत्पन्न होऊन नष्ट झाला, हा त्याचा सजातीय वारस. वैयाकरण भर्तृहरीचा अनुयायी म्हणेल, ध्वनी क्रमाने येतात, परंतु त्यांनी व्यक्त होणारा स्फोट, म्हणजे अर्थबोध करून देणारा शब्द, अक्रम व अखंड असतो. यंत्राची साक्ष नैयायिकाच्या बाजूची खरी. तथापि अनुमानाने भरलेला अंश आईने उच्चारलेलाच नसतो, आणि तरीही तिचे म्हणणे मुलास यथार्थ कळते. म्हणून ध्वनीची अनित्यता मान्य करूनही अर्थाची एकता नाकारता येत नाही. शब्दाचे नित्यत्व मात्र एवढ्याने सिद्ध होत नाही.