दुसऱ्याच्या ताटातील प्रथिने

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत. तेथील घरांतून ‘चिली’ नावाचा एक पदार्थ शिजतो. मांसाचा खिमा, राजमा, टोमॅटो आणि मिरची यांचे ते दाट कालवण होय. टेक्सास राज्याने १९७७ मध्ये त्याला आपला अधिकृत पदार्थ म्हणून मान्यता दिली. मात्र त्यात राजमा घालावा की नाही, यावर तेथील मंडळी आजही हिरिरीने भांडतात. आमटीतल्या गुळावरून आपल्याकडे जे होते, तेच. हा पदार्थ डबाबंदही मिळतो, आणि डब्यावर उष्मांक, प्रथिने, मेद, मीठ यांचा तक्ता छापलेला असतो. अन्नाचे मोल असे तक्त्यात मांडता येते काय, आणि मांडता आले तर त्या तक्त्याने कोणावर कोणते कर्तव्य येते, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस अस्वस्थ करीत आहे.

तक्त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम मांसात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच कोरड्या राजम्यातही जवळपास तेवढीच असतात. पण राजमा शिजताना पाणी पितो, त्यामुळे वाटीत येईपर्यंत हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. कडधान्यातले लोह शरीराला सहज लागू पडत नाही. सोबत थोडे मांस असले, किंवा लिंबू पिळले, तर ते अधिक शोषले जाते. मटकीला मोड आणून उसळ करावी आणि वर लिंबाची फोड द्यावी, ही आपल्या आज्यांची रीत कोणत्याही प्रयोगशाळेआधीची आहे. धान्यात जे अमिनो आम्ल कमी, ते डाळीत भरपूर. म्हणून भाकरी आणि पिठले एकमेकांची उणीव भरून काढतात. एक गोष्ट मात्र कोणत्याही डाळीत नाही, ती म्हणजे जीवनसत्त्व ब-१२. ते दुधात, अंड्यात आणि मांसातच सापडते. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां मंडळींनी हे निमूटपणे मान्य करावे, हे बरे.

शासनाच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे असे तक्ते आमच्या हातांखालून पुष्कळ गेले. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील बालकासाठी ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण घालून दिले. फायलीत हे आकडे नेहमी जुळतात. मूल ते खाते किंवा नाही, खाल्लेले त्याच्या अंगी लागते किंवा नाही, हा रकाना आमच्या पाहण्यातील एकाही प्रपत्रात नव्हता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातील पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि रक्तक्षय असलेली मुले तर ७० टक्क्यांहून अधिक होती.

याच राज्यात अंगणवाडीत अंडे द्यावे की नाही, हा वाद उभा राहिला. २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी अंड्याला स्पष्ट नकार दिला आणि दुधाचा पर्याय पुढे केला. २०१९ मध्ये, सरकार बदलल्यावर, अंड्याचा प्रस्ताव पुन्हा आला. मार्च २०२० मध्ये ते सरकारच गेले. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या जेवणात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबविला. तामिळनाडूत मात्र मुलांना आठवड्यातून पाच अंडी मिळतात आणि जे खात नाहीत त्यांना केळे देतात.

विरोध करणाऱ्यांची बाजू केवळ दांभिकपणाची आहे, असे आम्ही म्हणणार नाही. लहान मूल कोवळे असते. घरी निषिद्ध असलेली वस्तू शाळेत त्याच्या पानात वाढली जाऊ नये, ही भीती खरी आहे. अंडे खाणाऱ्यांची एक पंगत आणि न खाणाऱ्यांची दुसरी, असे झाले तर जातीची जुनी रेघ शाळेच्या पडवीत नव्याने ओढली जाईल, हीही शंका विचारात घेण्याजोगी आहे. परंतु या दोन्हींवर उपाय आहे. ज्याला उपाय नाही ती गोष्ट निराळी: आमचे व्रत आम्ही पाळावयाचे आणि त्याची किंमत झाबुआ-अलीराजपूरच्या भिल्ल बालकाने मोजावयाची. त्याच्या घरी कोंबडी पाळतात, खातातही. त्याच्या पानातले अंडे काढून घेण्याचा अधिकार आमच्या श्रद्धेला कोठून आला? संयम हा स्वतःच्या जिभेवर असतो. दुसऱ्याच्या जिभेवर घातला की त्याला सत्ता म्हणतात.

आपल्या इंदूरकर मराठी समाजाला हे कळणे अवघड जाऊ नये. होळकरांच्या मागोमाग येथे जी घराणी आली, त्यांत सोवळ्याने स्वयंपाक करणारी होती आणि रविवारी रस्सा रटरटणारीही. एकाच वाड्यात दोन्ही चुली पेटत. वास आला तर खिडकी लावून घेत. शेजाऱ्याची चूल विझवीत नसत. अन्नपूर्णा मंदिराच्या भागात राहणाऱ्या आम्हांला, ते भव्य दार आणि त्यावरचे हत्ती रोज पाहताना, त्या देवतेचे वेगळेपण जाणवते: दारी भिक्षापात्र घेऊन आलेल्या साक्षात शंकरालाही ती आधी वाढते.

आता दूधच द्यायचे, असे ठरले असेल, तरी हिशेब चुकविता येत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. तितकी मिळण्यास सुमारे २०० मिलिलिटर दूध लागते, तेही पाणी न घातलेले, उन्हाळ्यात न नासलेले. अंड्याला निसर्गाने दिलेले आवरण असते आणि त्यात भेसळ करता येत नाही. खेड्यात ही सोय लहान नव्हे. नकार देणाऱ्याने तेवढे दूध, तेवढेच दिवस, तेवढ्याच मुलांपर्यंत पोहोचविण्याची हमी घेतली पाहिजे. नुसता नकार फार स्वस्त पडतो.

आणि माळव्याने या बाबतीत फार सोवळे मिरवू नये, असे आम्हांस वाटते. १९७० नंतर आपल्या काळ्या जमिनीत सोयाबीन आले. पूर्वी पावसाळ्यात पडीक राहणारी शेते हिरवी झाली आणि ज्वारीची भाकरी मागे पडली. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. तेल आपण काढून घेतो, कारण आपल्याला कचोरी तळावयाची असते. उरलेली पेंड, म्हणजे जवळजवळ सगळी प्रथिने, कोंबड्यांच्या खाद्यासाठी जाते: काही देशातच, काही समुद्रापार. एक किलो वजनाची कोंबडी वाढविण्यास दीड ते दोन किलो खाद्य लागते. म्हणजे चिलीच्या वाडग्यात मांस आणि शेंगबी शेजारी-शेजारी असतात, तर माळव्याची शेंगबी परगावी जाऊन मांस होते. त्या व्यवहारावर आपल्या बाजारपेठा पोसल्या गेल्या, त्या पैशांतून धर्मशाळा आणि मंदिरेही उभी राहिली असतील, आणि त्यावर कोणी आक्षेप घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कोंबडीचे अंडे परत येऊन जेव्हा एखाद्या आदिवासी बालकाच्या पानात पडू पाहते, तेव्हाच आमची अहिंसा जागी होते.

याच पेंडेपासून सोयाची वडी होते आणि तिच्यात शेकडा पन्नासच्या आसपास प्रथिने असतात. ती इंदुरातच तयार होते. ब-१२ तिच्यात नाही, म्हणून दुधाची किंवा अंड्याची जागा ती पूर्णपणे घेणार नाही. पण अंगणवाडीच्या खिचडीत मूठभर वडी आठवड्यातून तीन दिवस पडावी, एवढे तरी या शहराच्या आवाक्यातले आहे. तेवढ्यासाठी कोणाचे व्रत मोडत नाही, आणि शासनाच्या आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही.